राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि मामांचं विंडोज सेव्हन

लक्ष्मीपुरीत धान्य ओळीत मामांचं दुकान आहे. गल्ल्याच्या मागं फळीवर २०१२ साली घेतलेला कम्प्युटर. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं, एरवी वर्षभर तो ज्वारी-गव्हाच्या धुरळ्यात निमूट बसून असतो. कधी कुरकुर नाही. मागं एकदा मात्र बँकेची साइट उघडताना संदेश आला, तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा. मामा क्रोममध्ये अपडेट करायला गेले, तर क्रोम म्हणालं की या कम्प्युटरला यापुढं अपडेट मिळणार नाहीत.

लगेच फोन. "आरं, एक म्हणतंय अपडेट कर, दुसरं म्हणतंय जमत न्हाई. मी ऐकू कुणाचं? आणि मशिन तर झकास चाललंय की!"

मशिन झकास चाललं होतं, ही गोष्ट खरी. पुढचा अख्खा रविवार मी त्या दुकानात घालवला. पोत्यावर बसून मामांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण असं मशिन एकट्या मामांकडं नाही. राजारामपुरीतल्या क्लासमध्ये, उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या काचेच्या केबिनमध्ये, सेवानिवृत्त मास्तरांच्या घरी, सगळीकडं ते आहे आणि सगळीकडं ते "झकास चाललंय".

आधी तारखा बघू. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये आली. १४ जानेवारी २०२० ला मायक्रोसॉफ्टनं तिची सर्वांसाठीची दुरुस्ती थांबवली. त्या दिवशी कुणाचाच कम्प्युटर बंद पडला नाही, म्हणून कुणी लक्षही दिलं नाही. क्रोम आणखी तीन वर्षं तिच्यावर नव्या आवृत्त्या देत राहिलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रोमची ११० क्रमांकाची आवृत्ती आली, ती विंडोज १० च्या खाली चढतच नाही. मामांचं क्रोम १०९ वर येऊन थांबलं ते कायमचं. फायरफॉक्सनं ११५ क्रमांकाची एक शाखा जुन्या विंडोजसाठी मुदतवाढ देत देत बरीच पुढं ओढली, पण तीही गावाबाहेर पडणारी शेवटची एसटी म्हणायची.

कोल्हापूरकराला हे समजायला अवघड नाही. पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या आपण काय बघतो? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे ते. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. ३९ ला कुणी घर सोडून पळत नाही, पण सुतारवाड्यातली, दुधाळीतली, शाहूपुरी कुंभार गल्लीतली माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात. ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे विंडोजची, मुदत संपते ते ३९ फूट. ब्राउझरची अपडेट बंद होते ते ४३. मामांच्या मशिनला २०२० मध्ये इशारा पातळी लागली, २०२३ मध्ये धोका पातळी ओलांडून पाणी पुढं गेलं, आणि मामा गल्ल्यावर बसून मूग मोजत राहिले.

विंडोज १० वाल्यांनी हसू नये. तुमची ३९ ची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ होती. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळते, तेवढाच काय तो श्वास.

ठिगळ आणि नकाशा

"सपोर्ट संपला" याचा अर्थ बऱ्याच जणांना औषधावरच्या एक्स्पायरी डेटसारखा वाटतो. तारीख उलटली तरी दोन-चार महिने चालतंय, असा. इथं प्रकार वेगळा आहे आणि जरा विचित्र आहे.

विंडोज म्हणजे कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम. इतक्या ओळी माणसानं लिहिल्या म्हणजे चुका राहणारच. त्यातल्या काही चुका अशा असतात की त्यांच्यातून बाहेरचा माणूस आत हात घालू शकतो. अशी फट सापडली की मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी तिच्यावर ठिगळ लावून पाठवतं. पॅच म्हणजे ठिगळच.

आता खरी गोम. नवी विंडोज कोऱ्या कागदावर लिहिलेली नसते, जुन्या विंडोजचा बराचसा कोड तिच्यात तसाच असतो. त्यामुळं नव्या विंडोजवर ठिगळ लागलं की चोर काय करतो? ठिगळाआधीची आणि ठिगळानंतरची फाइल शेजारी ठेवून फरक बघतो. कुठं शिवलंय ते कळलं की कुठं फाटलं होतं तेही कळतं. मग तीच फट जुन्या विंडोजवर आहे का बघायचं, आणि तिथं तर शिवायला कुणी येणार नाही. म्हणजे नव्या विंडोजची प्रत्येक दुरुस्ती हा जुन्या विंडोजमध्ये घुसायचा फुकट नकाशा ठरतो. जुनं मशिन जागच्या जागी उभं असतं, तरी दर महिन्याला त्याचा धोका थोडा थोडा चढत जातो.

हे पुस्तकी नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधली एक फट बुजवली. १२ मे २०१७ ला त्याच फटीतून वॉनाक्राय नावाचा, फाइली कोंडून खंडणी मागणारा किडा जगभर पसरला. कुणी कशावर क्लिकही करायची गरज नव्हती. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडकली. लागण झालेली बहुतेक मशिनं विंडोज ७ चीच होती, तीही ठिगळ उपलब्ध असताना न लावलेली. जूनमध्ये नॉटपेट्या आला, त्यानंही तीच फट वापरली, आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. त्या वेळी विंडोज ७ ला निदान शिवणारा कुणी तरी होता.

मामांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "माझ्या मशिनमधी हाय काय? तुरीचं भाव?" चोराला मामा ठाऊकच नाहीत. यंत्रं यंत्रांना शोधत फिरतात, दार उघडं दिसलं की आत शिरतात. आत गेल्यावर साठवलेले पासवर्ड, बँकेचं लॉगिन, मेल उचलायचं, आणि काहीच नाही मिळालं तर त्याच मशिनवरून दुसऱ्यांवर हल्ले करायचे. तुरीचे भाव कुणालाच नको आहेत.

अँटिव्हायरसबद्दल एकच वाक्य पुरे. तो ओळखीच्या चोराला दारात अडवतो, भिंतीला पडलेलं भगदाड बुजवायचं काम त्याचं नाही.

टॅब म्हणजे कुस्तीचा हौदा

आता ब्राउझर, कारण सगळी मेख इथं आहे.

मामांना विचारलं, दिवसभर या कम्प्युटरवर करता काय? बँक, जीएसटीचं पोर्टल, ई-वे बिल, मेल, व्हॉट्सॲप वेब, दुपारी गिऱ्हाईक नसलं की यूट्यूबवर कुस्त्या. हिशेब सगळा अकाउंटंटकडं. म्हणजे मामांचा कम्प्युटर हा खरं तर एकच प्रोग्रॅम आहे, ब्राउझर. बाकीचं सगळं त्याला उभं राहायला लागणारं जोतं.

आणि हा एकच प्रोग्रॅम असा आहे की जो दिवसातून शेकडो वेळा अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड आणून आपल्या घरात चालवतो. आपण बातमी वाचायला पान उघडतो तेव्हा त्या पानाचा कोड येतो, त्यातल्या जाहिरातींचा येतो, त्या जाहिराती मोजणाऱ्या कंपन्यांचा येतो. साधं चित्रसुद्धा उलगडून दाखवायला प्रोग्रॅम लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या कोडमध्येच फट सापडली. मुद्दाम घडवलेलं एक चित्र नुसतं दिसलं तरी घात होऊ शकत होता. तो कोड जवळपास सगळ्याच ब्राउझरांत होता, त्यामुळं सगळ्यांना धावपळ करून ठिगळ लावावं लागलं.

मग इतका परका कोड चालवूनही आपण वाचतो कसे? दोन गोष्टींमुळं. पहिली, एका साइटनं दुसऱ्या साइटचं बघायचं नाही हा नियम. धान्य ओळीत दुकानं भिंतीला भिंत लावून असली तरी प्रत्येकाचा गल्ला वेगळा, तसं. एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्यात भलतीच साइट उघडी असली तरी त्या साइटला बँकेचं पान वाचता येत नाही. २०१८ च्या सुरुवातीला स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधलीच खोट उघडकीला आली, तेव्हा हा नियम कागदावर असून भागेना, म्हणून क्रोमनं त्याच वर्षी प्रत्येक साइटला स्वतंत्र खोली द्यायला सुरुवात केली. त्यापायी मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागायला लागली. क्रोम रॅम खातं म्हणून आपण शिव्या घालतो, त्यातला थोडा भाग या भिंतींचा खर्च आहे.

दुसरी गोष्ट सँडबॉक्स. इंग्रजीत त्याला वाळूची पेटी म्हणतात, आपल्याकडं त्याहून चांगली वस्तू आहे, तालमीतला हौदा. खासबागेत हौद्याच्या आत पैलवानानं काय हवं ते करावं, ढाक मारावा, घिस्सा मारावा. पण हौद्याबाहेर येऊन प्रेक्षकाला धरायचं नाही. प्रत्येक टॅबमधला कोड असा हौद्यात चालतो. त्याला तुमच्या फाइली दिसत नाहीत, दुसरा प्रोग्रॅम सुरू करता येत नाही. काही पाहिजे असेल तर काठावरच्या पंचाला, म्हणजे ब्राउझरच्या मुख्य भागाला, विचारायचं.

हौद्याचा काठ कुणी बांधलाय? ब्राउझरनं नाही, ऑपरेटिंग सिस्टिमनं. ब्राउझर फक्त तिला सांगतो की या पोराला बाहेर सोडू नको. काठच ढासळलेला असेल तर पंच कितीही कडक असून उपयोग नाही.

याचं नमुनेदार उदाहरण मार्च २०१९ मधलं आहे. क्रोममधल्या एका फटीतून चोर टॅबमध्ये घुसला, म्हणजे हौद्यात उतरला. तिथून बाहेर पडायला त्यानं विंडोज ७ च्या गाभ्यातली दुसरी फट वापरली. गूगलनं स्वतः तेव्हा सांगितलं की हा हल्ला विंडोज ७ वरच होताना दिसला आहे, आणि जमत असेल तर विंडोज १० वर जा. विंडोज ८ पासून पुढं क्रोम आपल्या टॅबना विंडोजच्या त्या भागाशी बोलायचीच बंदी घालू शकत होतं. विंडोज ७ मध्ये तशी सोयच नव्हती. ब्राउझर तोच, आवृत्ती तीच, पण काठ कच्चा.

म्हणून "ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) जुनी असू दे, एखादा नवा ब्राउझर शोधून टाकतो" हा सल्ला मला पटत नाही. तसे ब्राउझर मिळतात. हौशी लोक जुन्या विंडोजवर चालतील असे बदल करून ठेवतात, मेहनत खरी असते. पण बँकेचा पासवर्ड मी तिथं टाकणार नाही.

मग विंडोज ११ का नको?

पाहिजे असेल तर घ्यावी, पण ती या मशिनवर चढत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर. मामांचा तिसऱ्या पिढीचा आय-३. तपासणी चुकवून चढवायच्या युक्त्या आहेत, पण अशा मशिनला अपडेट मिळतच राहील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे पुराचं पाणी चुकवायला पूररेषेतच नवीन घर.

आणि एक गोष्ट आपण आपसात बोलतो, लिहीत नाही. आपल्याकडच्या कित्येक मशिनांवरची विंडोज विकतची नसतेच. पेनड्राइव्ह घेऊन येणारा पोरगा "ॲक्टिव्हेट करून देतो" म्हणतो, त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करतो, मग कुठून तरी आणलेला प्रोग्रॅम मशिनच्या सर्वाधिकारांसह चालवतो, आणि जाताना अपडेट बंद करून जातो. घराच्या किल्ल्या अनोळख्याच्या हातात देऊन वर चहा पाजायचा, असा तो कारभार. फुकटच पाहिजे असेल तर राजरोस फुकट असलेलं काय वाईट?

ते म्हणजे लिनक्स. "ते इंजिनिअर लोकांचं असतंय" असं मामा म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या खिशातल्या फोनकडं बोट दाखवलं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या पोरानं त्याचा गाभा लिहायला घेतला, आज जगातल्या बहुतेक सर्व्हरांवर तोच आहे. केरळातल्या सरकारी शाळांत मुलं त्यावर शिकतात. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनंही बॉस नावाचं लिनक्स काढलं आहे. गाभा एक, त्याभोवती पडदा, खिडक्या, प्रोग्रॅम वेगवेगळे लावून वेगवेगळे संच तयार होतात. पिठलं एकच, प्रत्येक घरची फोडणी निराळी.

मामांसाठी मी लिनक्स मिंट निवडलं, त्यातलं एक्सएफसीई हे हलकं रूप. खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजव्या कोपऱ्यात घड्याळ, त्यामुळं मामांना परक्या गावी आल्यासारखं होत नाही. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. २ जीबी रॅमवर चालतं असं ते लोक सांगतात. चालतं, पण ब्राउझरला ४ तरी पाहिजेत.

सुरक्षेच्या दृष्टीनं मला लिनक्समधली आवडणारी गोष्ट व्हायरस कमी असण्याची नाही, प्रोग्रॅम आणायच्या पद्धतीची आहे. विंडोजवर पीडीएफचा प्रोग्रॅम हवा असला की आपण गूगलवर शोधतो, पहिली लिंक जाहिरातीची असते, तिच्यावर डाउनलोडची तीन हिरवी बटणं असतात आणि त्यातली दोन खोटी. मिंटमध्ये एक कोठार असतं. जे लागेल ते तिथून, शिक्का तपासून येतं, आणि पुढं त्याची अपडेटही तिथूनच येते. गाभा, ब्राउझर, चित्रं उलगडणारा कोड, सगळं एकाच बटणावर. वेबपीसारखी फट सापडली तर मामांना वेगळं काही करावं लागत नाही.

लिनक्समध्ये फटी नसतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये कुणी तरी मुद्दाम चोरदार पेरल्याचं सापडलं. दोनेक वर्षं चांगुलपणा दाखवून विश्वास मिळवलेल्या माणसाचं ते काम. सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागं लागला. फ्रॉइंड नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. हा किस्सा सांगून मी दोन्ही बाजूंच्या कट्टर भक्तांना गप्प करत असतो.

कुणी जाऊ नये

मामांना लिनक्स चाललं कारण त्यांचं सगळं काम ब्राउझरात होतं. शेजारच्या प्रिंटिंग प्रेसवाल्यांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. लग्नपत्रिकांची दहा-पंधरा वर्षांची डिझाइनं कोरल ड्रॉमध्ये, अक्षरं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. लिनक्सवर कोरल नाही, आणि तो फॉन्ट नसला की "श्री गणेशाय नमः" च्या जागी कंस, टक्का आणि अर्धविराम दिसतात. टॅलीवाल्यांचंही तेच. आडवळणानं चालवता येतं म्हणतात, पण मार्चअखेरीला आडवळण कुणाला परवडतंय? ई-टेंडर भरणारे, डिजिटल सहीचं टोकन लावणारे, त्यांनीही कामाचं मशिन विंडोजवरच ठेवावं, फक्त चालू विंडोजवर. मामांचा धंदा एकट्याच्या नावावर असल्यानं जीएसटीचं रिटर्न मोबाइलवरच्या ओटीपीनं भरता येतं, त्यामुळं त्यांचा तो प्रश्न आलाच नाही.

साध्या मराठी टायपिंगची मात्र काही अडचण नाही. इन्स्क्रिप्टही आहे, उच्चाराप्रमाणे टाइप करायची पद्धतही आहे.

रविवारी काय केलं

करायच्या आधी बघून घेता येतं, ही लिनक्सची मोठी सोय. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट लिहायचं, मशिन त्यावरून सुरू करायचं, आतल्या डिस्कला हात न लावता सगळं वापरून बघायचं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का. पेनड्राइव्हवरून हळू चालतं, त्यावरून मत बनवू नका. फाइल मिंटच्या मूळ साइटवरूनच घ्या आणि तिथं दिलेल्या आकड्यांच्या ओळीशी तिचा ठसा (चेकसम, म्हणजे फाइलवरून हिशेबानं निघणारी तशीच ओळ) जुळवून बघा. हा सोपस्कार वाटतो, पण २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द मिंटच्याच साइटमध्ये घुसून कुणी तरी चोरदार असलेली फाइल डाउनलोडला लावली होती.

नवं मिंट ६४ बिटच्या मशिनवरच चालतं. आपलं मशिन जुन्या धाटणीचं, ३२ बिटचं आहे म्हणून निराश होण्याआधी प्रोसेसर बघा. बऱ्याच दुकानदारांनी ६४ बिटच्या प्रोसेसरवर ३२ बिटची विंडोज टाकून दिलेली असते. कोअर टू ड्युओसुद्धा ६४ बिटच आहे. प्रोसेसरच ३२ बिटचा असेल तर मात्र आता त्याला निरोप द्यावा, नव्या लिनक्सांनीही त्याची साथ सोडत आणली आहे.

माझी युक्ती सांगतो. मामांच्या जुन्या हार्डडिस्कवर मी काहीच पुसलं नाही. ती काढली, नवी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली आणि मिंट तिच्यावर टाकलं. नाही जमलं तर स्क्रू फिरवून जुनी डिस्क परत लावायची. भीती गेली की माणूस शिकतो. शिवाय मशिन जे पळायला लागलं त्याचं श्रेय मामा लिनक्सला देतात, खरं तर निम्म्याहून जास्त ते एसएसडीचं आहे. मी दुरुस्ती केली नाही.

चूक माझीही झाली. फाइली, फोटो, बुकमार्क सगळं घेतलं आणि पासवर्ड विसरलो. मामांचे सगळे पासवर्ड क्रोमनं लक्षात ठेवलेले, मामांना एकही ठाऊक नाही. ती जुनी डिस्क परत लावून, विंडोज चालू करून, पासवर्डांची फाइल काढून आणावी लागली. ती फाइल उघड्या अक्षरांत असते, कुणीही वाचू शकतं, म्हणून काम झाल्यावर लगेच पुसायची. तेवढ्यात मामींनी दोनदा चहा पाठवला होता.

मिंटवर फायरफॉक्स होतंच, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं. क्रोमवर हे पूर्ण रूपात आता चालत नाही, फायरफॉक्सवर चालतं, माझ्या निवडीचं एक कारण तेच. जाहिराती गेल्या म्हणजे परका कोड गेला. मामांच्या जुन्या क्रोममध्ये "पीडीएफ करून देतो" म्हणणारं एक एक्स्टेन्शन होतं, त्याला प्रत्येक साइटवरचा मजकूर वाचायची आणि बदलायची परवानगी दिलेली. भिंतीला भिंत लावलेल्या सगळ्या दुकानांच्या गल्ल्यांत हात घालायचा तो परवाना. ते नव्या घरी आणलं नाही. कोपऱ्यातून "तुमच्या कम्प्युटरमध्ये पाच व्हायरस" असं जे उसळून यायचं, तो व्हायरस नव्हताच. कधी तरी कुठल्या साइटवर "अलाउ" दाबलं गेलं होतं, त्या नोटिफिकेशन होत्या.

मामांना वाटत होतं की आता फसवणुकीची भीती संपली. तिथं मला बराच वेळ थांबावं लागलं. लिनक्स मशिनचं दार मजबूत करतं, पण मामांनी स्वतः दार उघडून ओटीपी दिला तर ते काय करणार? कुलपाचं चिन्ह म्हणजे साइट खरी, हा समज तर फारच घट्ट बसलाय. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये कुणी चोरून ऐकत नाही. पलीकडं बँक आहे की भामटा, ते सांगत नाही. भामट्यालाही कुलूप फुकट मिळतं. याच गैरसमजामुळं क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं. आपल्याकडं त्यापेक्षा कामाची खूण आता आली आहे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापली साइट डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. साइटच्या नावाच्या अगदी शेवटी, म्हणजे पत्त्यातल्या पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी, तो आहे का बघायचं, भलतीकडं कुठं तरी असून चालत नाही. मामांच्या बँकेचं पान मी एकदा तपासून बुकमार्क करून ठेवलं, तिथूनच जायचं, गूगलवर शोधून नाही. दुसरी खूण, साठवलेला पासवर्ड आपोआप भरला गेला नाही तर थांबायचं. डोळ्यांना एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं दिसत नाही, ब्राउझर मात्र पत्ता अक्षर-न्-अक्षर जुळवूनच पासवर्ड भरतो. आणि इतकं करूनही पैसे गेलेच तर लाज बाळगून बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन. हा नंबर मामांनी गल्ल्याच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलाय.

मिंटमध्ये खाली उजवीकडं एक ढाल असते. अपडेट आली की तिच्यावर ठिपका उमटतो. ढालीवर क्लिक, पासवर्ड, झालं. पहिल्या आठवड्यात मामांनी तीन वेळा फोन करून "ठिपका आलाय, दाबू का?" विचारलं. आता विचारत नाहीत.

राहता राहिला प्रिंटर. प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तसला जुना लेसर प्रिंटर, कागद अडकत नाही म्हणून मामांचा लाडका. पेनड्राइव्हवरून सगळं तपासलं आणि नेमका तोच तपासायचा राहिला. त्याचा लिनक्सवरचा ड्रायव्हर मी दोन तास झगडून बसवला, एक पान निघालं, मग त्यानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. सध्या मामा पीडीएफ फोनवर घेतात आणि पोराला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं पाठवतात. "लिनक्स लई भारी हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "फक्त छापत न्हाई."